सही केली तेव्हा समजत होते का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. घरातले म्हातारे माणूस चष्मा कुठे ठेवला ते विसरले किंवा तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागले, की पोरेटोरेसुद्धा ती तोंडावर फेकतात. थट्टा म्हणून ते चालून जाते. पण त्याच माणसाचे मृत्युपत्र एक दिवस कपाटातून निघते, कोणाला किती दिले ते वाचले जाते, आणि मग हीच म्हण वकिलाच्या भाषेत न्यायालयात येऊन उभी राहते. ‘मयताचे वय ८४ वर्षे होते, त्यांना विस्मरणाचा विकार होता, आपण काय करतो हे त्यांना समजत नव्हते.’ गेली जवळजवळ तीस वर्षे मी दिवाणी न्यायालयात अशा कैफियती वाचतो आहे. कधी असे लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा असतो, कधी विरुद्ध बाजूने.

या दाव्यांत एक अडचण असते, ती दुसऱ्या कुठल्याही दाव्यात नसते. जमिनीच्या खरेदीचा वाद असेल तर विकणारा पिंजऱ्यात येऊन सांगू शकतो की सही माझी आहे किंवा नाही. मृत्युपत्राच्या वादात ज्याच्या मनाविषयी प्रश्न आहे तोच माणूस या जगात नसतो. त्याला त्या दिवशी काय कळत होते हे इतरांनी सांगायचे असते, आणि त्या इतरांपैकी बहुतेकांचा त्या मालमत्तेत जीव अडकलेला असतो. म्हणून आज हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे वाटले.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी या समाजांतल्या मृत्युपत्रांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. मुस्लिम समाजाला त्यांचा व्यक्तिगत कायदा आहे. गोव्यातही वेगळा कायदा आहे. तिथे मुलेबाळे असतील तर साधारणपणे निम्म्या मालमत्तेवर त्यांचा हक्क कायद्यानेच राखलेला असतो, राहिलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते. आपल्याकडे असे बंधन नाही. स्वतःच्या मालकीचे सगळेच्या सगळे एका मुलाला, शेजाऱ्याला किंवा देवस्थानाला देता येते. एवढे मोठे स्वातंत्र्य दिले म्हटल्यावर ते वापरणारा भानावर होता का, हा प्रश्न आपोआपच मोठा होतो.

या अधिनियमाचे ५९ वे कलम सांगते की सज्ञान आणि स्वस्थचित्त अशी कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. वयाची वरची मर्यादा त्यात नाही. साठी, ऐंशी, शंभरी, कशाचाच उल्लेख नाही. उलट या कलमाखाली जी स्पष्टीकरणे दिली आहेत ती माणसाच्या बाजूने बोलणारी आहेत. मुका, बहिरा किंवा आंधळा माणूस, आपण काय करतो हे त्याला कळत असेल, तर मृत्युपत्र करू शकतो. एरवी वेडसर असलेला माणूससुद्धा, मध्येच मन ठिकाणावर आलेल्या काळात, मृत्युपत्र करू शकतो. नशेमुळे, आजारामुळे किंवा आणखी कशामुळे आपण काय करतो हेच ज्याला त्या वेळी समजत नाही, त्याला मात्र ते करता येत नाही.

त्याखाली उदाहरणे आहेत आणि ती मला फार मोलाची वाटतात. पहिल्यातल्या माणसाला आजूबाजूला काय चालले आहे ते दिसते, रोजच्या प्रश्नांना तो उत्तरेही देतो. पण आपली मालमत्ता काय स्वरूपाची आहे, आपले नातेवाईक कोण, कोणाला देणे योग्य, याची त्याला पुरेशी समज नाही. त्याचे मृत्युपत्र चालत नाही. तिसरे उदाहरण अतिशय अशक्त, खंगलेल्या माणसाचे आहे. पण आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी याचा विचार तो करू शकतो. त्याचे मृत्युपत्र चालते. म्हणजे शरीर किती थकले किंवा माणूस किती छान बोलला, यावर कायदा जात नाही. त्याला एका विशिष्ट कामापुरती समज हवी असते.

या विचाराचा एक जुना आधार इंग्लंडमधला आहे. १८७० साली तिथे जॉन बँक्स नावाच्या माणसाच्या मृत्युपत्राचा निकाल लागला. हा मनुष्य काही काळ वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला होता. भुतेखेते आपल्या मागे लागली आहेत आणि केव्हाच मेलेला एक माणूस आपला छळ करतो आहे, असा त्याचा पक्का भ्रम होता. त्याने आपली मालमत्ता त्याच्याबरोबर राहणाऱ्या एका तरुण नातलग मुलीच्या नावे केली. न्यायालयाने ते मृत्युपत्र ग्राह्य धरले. कारण भ्रम खरा असला तरी कोणाला काय द्यायचे या निर्णयाशी त्याचा संबंध आला नव्हता.

त्या निकालातून निघालेली कसोटी चार प्रश्नांत सांगता येते. आपण मृत्युपत्र करतो आहोत आणि ते आपल्या मरणानंतर लागू होणार, हे त्याला कळते का? आपल्याकडे साधारण काय काय आहे, हे त्याला ठाऊक आहे का? कोणाकोणाची आपल्याकडून अपेक्षा असणार, ती माणसे त्याच्या डोळ्यांपुढे आहेत का? आणि शेवटचा प्रश्न असा की, एखाद्या आजारी भ्रमाने जवळच्या माणसाविषयी त्याचे मन नासवून निर्णय बदललेला नाही ना?

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे दिसतात ते दोन उदाहरणांनी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आजींचे काम माझ्याकडे आले. त्यांना डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले होते. स्मरणशक्तीची तीस गुणांची एक चाचणी असते. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, मघाशी सांगितलेले तीन शब्द आठवतात का, शंभरातून सात सात वजा करत जा, असे प्रश्न तिच्यात असतात. १९७५ पासून ती जगभर वापरली जाते. त्या चाचणीत आजींना तीसपैकी सोळा गुण पडले होते. मी घरच्यांना बाहेर बसवले आणि विचारले, “आजी, आज वार कोणता?”

“मला काय ठावं? मला काय शाळंत जायचंय?”

“बरं, जमीन किती आहे तुमची?”

“हिरीकडचं दोन एकर, माळाचं तीन. माळाला पाणी न्हाई.”

“मग कुणाला काय द्यायचं म्हणता?”

“थोरल्याला त्याच्या बापानं टेम्पोला पैसं दिलं, तवाच त्याचं झालं. त्याला माळ बास. धाकट्यानं मला सांभाळलं, हीर त्याची. आन् लेकीला घरातली एक खोली लिवा. तिचं तिकडं काय धड न्हाई.”

वार सांगता आला नाही. पण वरचे चारही प्रश्न आजींनी तीन वाक्यांत सोडवले. शंभरातून सात वजा करता न येणाऱ्या बाईला आपल्या दोन एकरांचे काय करायचे ते पक्के कळत होते. तिचे बोलणे मी तिच्याच शब्दांत लिहून घेतले आणि कागदपत्रांबरोबर ठेवले. पुढे थोरल्याने हरकत घ्यायचे ठरवले होते. त्याच्या वकिलांनी तो कागद त्याला वाचून दाखवला. टेम्पोचा उल्लेख ऐकल्यावर त्याने प्रकरण पुढे नेले नाही.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलटे. एका निवृत्त अधिकाऱ्यांना त्यांचा मुलगा घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, उत्तम इंग्रजी, आल्या आल्या माझ्या टेबलावरच्या पुस्तकांची चौकशी. कोणीही म्हणाले असते की काकांची तब्येत ठणठणीत आहे. मुलाला बाहेर चहाला पाठवून मी विचारले, “काका, तुमची मालमत्ता काय काय आहे?” त्यांनी पहिल्यांदा जो फ्लॅट सांगितला तो त्यांनीच दहा वर्षांपूर्वी विकला होता. “मुलं किती तुम्हाला?” तर म्हणाले, “दोन.” होती तीन. धाकटी मुलगी त्यांच्या बोलण्यात आलीच नाही. मी तिचे नाव घेतले तेव्हा ते हसून म्हणाले, “हो, हो, ती कशी आहे?” जणू मीच तिचा नातलग. मी तो मसुदा केला नाही. कलम ५९ च्या पहिल्या उदाहरणातला माणूस माझ्यासमोर बसलेला होता.

चौथ्या प्रश्नाकडे आपल्या घरांतून फारसे लक्ष जात नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्मृतिभ्रंशात ‘माझ्या वस्तू चोरीला जातात’ हा भ्रम पुष्कळदा दिसतो. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवायची, विसरायची आणि आळ घ्यायचा तो सर्वांत जास्त सेवा करणाऱ्या माणसावर, कारण तेच सतत समोर असते. एका प्रकरणात आईने मुलीला मृत्युपत्रातून वगळले होते, का तर मुलीने पाटल्या चोरल्या. पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या आणि लॉकर उघडल्याच्या नोंदी पाहता मुलगी तिकडे फिरकलीही नव्हती. आईला बाकी सगळे आठवत होते, जमीनजुमला तोंडपाठ होता. तरीही हे मृत्युपत्र टिकणे अवघड असते, कारण निर्णय तिचा असला तरी त्याचे कारण आजाराने रचलेले होते. हेच जर आई म्हणाली असती की मुलगी सुखवस्तू आहे, तिला गरज नाही, तर पाटल्यांचा भ्रम असूनसुद्धा मृत्युपत्र टिकले असते. जॉन बँक्सच्या निकालाचा अर्थ तोच आहे.

आता न्यायालयात काय होते ते पाहू. या विषयावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल सगळे वकील प्रथम उघडतात, तो वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा हा, १९५८ सालचा. तो लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. साताऱ्यात जन्मलेले हे न्यायमूर्ती पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांनी सांगितले की मृत्युपत्र इतर दस्तांसारखेच सिद्ध करायचे असते, गणितासारख्या अचूक पुराव्याची अपेक्षा नसते, समंजस माणसाचे समाधान होईल एवढा पुरावा पुरतो. पण मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ते पुढे आणणाऱ्याने तो संशय दूर केला पाहिजे. विरुद्ध बाजूने काही म्हटले नसले तरीही. पुढे १९७६ साली जसवंत कौर यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी हाच धागा पुढे नेला. संशय आला, की तो खटला केवळ वादी आणि प्रतिवादी यांच्यातला राहत नाही, तो न्यायालयाच्या सदसद्विवेकाचा प्रश्न होतो, असे त्यांनी म्हटले.

संशयास्पद परिस्थिती म्हणजे काय? सही थरथरती, नेहमीपेक्षा वेगळी. मृत्युपत्र मरणाच्या आदल्या दिवशी रुग्णालयात केलेले. बायको-मुलांना कारण न देता वगळलेले. मालमत्तेचे वर्णन चुकलेले. आणि सगळ्यांत जड म्हणजे, ज्याला लाभ मिळतो त्यानेच वकील गाठलेला, त्यानेच साक्षीदार आणलेले आणि कागदही त्याच्याच कपाटातून निघालेला. यांतली एखादी गोष्ट असली म्हणजे मृत्युपत्र खोटे ठरते असे नाही. सांभाळणाऱ्या मुलानेच वडिलांना वकिलाकडे नेणे हे स्वाभाविक आहे, दुसरे कोण नेणार? पण त्याचे स्पष्टीकरण देता आले पाहिजे.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. माणूस भानावर होता हे मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने दाखवायचे असते. दबाव आणला किंवा फसवणूक केली असा आरोप असेल, तर तो करणाऱ्याने सिद्ध करायचा असतो. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात. कायद्याचे ६१ वे कलम दबावाविषयी आहे आणि त्यातलीही उदाहरणे बोलकी आहेत. कोणी खूप गळ घातली, पण माणसाने स्वतः विचार करून तसेच लिहिले, तर मृत्युपत्र वैध. दुबळ्या झालेल्या माणसाने रोजची कटकट सहन होईना म्हणून, घरात शांतता हवी म्हणून, मान तुकवली, तर ते अवैध. ‘एकदा सही करा म्हणजे सुटलो’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते तिथे हा धोका असतो.

डॉक्टरांच्या दाखल्याविषयी लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. ‘रुग्ण शुद्धीवर असून मानसिकदृष्ट्या सक्षम आहे’ अशी दोन ओळींची चिठ्ठी जोडली की काम झाले, असे वाटते. उलटतपासणीत डॉक्टरांना विचारले जाते, “तुम्ही त्यांना कोणते प्रश्न विचारलेत? किती वेळ बोललात? त्या वेळी खोलीत कोण होते? त्याची नोंद कुठे आहे?” डॉक्टर म्हणतात, “नाडी, रक्तदाब पाहिला, नाव विचारलं, त्यांनी सांगितलं.” तिथे चिठ्ठीची किंमत संपते. नाव सांगता येणे म्हणजे शुद्धीवर असणे, मृत्युपत्र समजणे नव्हे. दाखला हवाच असेल तर वरचे चार प्रश्न विचारून, उत्तरे टिपून, तारीख आणि वेळ घालून घ्यावा. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदुविकारतज्ज्ञांकडून घ्यावा. इंग्लंडमध्ये तर वृद्ध किंवा गंभीर आजारी माणसाच्या मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांनी तपासून नोंद ठेवावी, शक्य तर साक्षीदारही व्हावे, असा सल्ला न्यायालयांनी वकिलांना दिलेला आहे.

वेळेचेही महत्त्व आहे. वृद्ध माणसाला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला, रक्तातले सोडियम उतरले किंवा शस्त्रक्रियेनंतरचे दिवस असले, की तो दोन-चार दिवस बरळतो, माणसे ओळखत नाही. उपचारांनी पुन्हा ठीक होतो. त्या चार दिवसांत केलेल्या मृत्युपत्राला फारसा अर्थ नसतो. पण त्या चार दिवसांवरून पुढच्या चार वर्षांचा निष्कर्ष काढणेही चूक. स्मृतिभ्रंश झालेल्यांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, सकाळी मन अधिक ताजे असते. कानाचे यंत्र लावलेले नसले, चष्मा जवळ नसला, की चांगल्या माणसाची उत्तरेही वेड्यासारखी वाटतात. न्यायालय बघते ते त्या दिवसाकडे, त्या घटकेकडे. आधी पूर्ण भानावर असताना वकिलाला सूचना दिल्या, आणि मसुदा तयार होईपर्यंत प्रकृती ढासळली, तर? १८८३ सालच्या एका इंग्लिश निकालाने यावर तोडगा दिला. ‘मी सांगितले होते त्याप्रमाणे हे लिहिले आहे आणि त्यावर मी सही करतो आहे’ एवढे जरी सही करताना समजत असले, तरी ते पुरते. म्हणून सूचना स्वतःच्या अक्षरात, तारखेसह लिहून ठेवणे फार उपयोगाचे.

नोंदणीविषयीही सांगतो. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही वैध असते. दोन साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने ‘ही माझी सही’ असे त्यांना सांगितलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली तर सही खोटी असल्याचा आरोप बराचसा निकालात निघतो. माणूस भानावर होता हे मात्र केवळ शिक्क्याने सिद्ध होत नाही. कार्यालयात रांग असते, ‘तुमचीच सही ना?’ एवढेच पुष्कळदा विचारले जाते. व्हिडिओ चित्रणाचेही तसेच. माणूस आपणहून सांगत असेल तर त्याच्यासारखा पुरावा नाही. पण चित्रणात मागून आवाज येतो, “अण्णा, सांगा ना, काल ठरलं तसं,” तेव्हा तेच चित्रण विरुद्ध बाजूच्या कामाला येते.

मग करावे काय? मृत्युपत्र हातपाय धड असताना करावे, रुग्णालयाच्या खाटेची वाट पाहू नये. नंतर ते हवे तेव्हा बदलता येते. ज्याला लाभ द्यायचा त्याला खोलीबाहेर ठेवावे आणि साक्षीदारही करू नये. साक्षीदार आपल्याहून तरुण, आपल्याला ओळखणारे आणि गावात सापडतील असे घ्यावेत. न्यायालयात निदान एका साक्षीदाराला यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारण लिहावे. ‘माझ्या थोरल्या मुलीला शिक्षणासाठी व लग्नात पुरेसे दिले आहे, म्हणून’ असे एक वाक्य पुरते. छापील मसुद्यातले ‘मी पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नाही’ हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, खऱ्याही आणि खोट्याही. आपले कारण मात्र आपल्यालाच लिहिता येते.

हरकत घेणाऱ्यांनाही दोन शब्द. वाटणी असमान आहे एवढ्यावर मृत्युपत्र रद्द होत नाही. वारसांना कायद्याने मिळाले असते त्यापेक्षा वेगळे द्यायचे असते, म्हणून तर माणूस मृत्युपत्र करतो. दावा लावण्यापूर्वी स्वतःला विचारावे, त्या महिन्यात मी त्यांना भेटलो होतो का? भेटलो असेन तर ते माझ्याशी काय बोलले? मग त्या काळातले कागद गोळा करावेत. केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, बँकेतल्या सह्या, त्यांनी लिहिलेला हिशेब, पत्र. हे लवकर करावे. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवावीत, असा २००२ च्या वैद्यकीय नियमावलीचा दंडक आहे. त्यानंतर ती मिळतीलच याचा भरवसा नाही. आणि ‘त्यांना वेड लागले होते’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी थोडे थांबावे. दाव्याच्या कागदावर ते कायमचे राहते, नातवंडेही ते वाचतात. वाद पाटल्यांचा असतो, पण कलंक आईवर बसतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणाला विकल मनाचा ठरवता येत नाही, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असेल तर गोष्ट वेगळी. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या, एकेकाळी इस्पितळात राहून आलेल्या किंवा विस्मरणाची सुरुवात झालेल्या असंख्य माणसांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. कष्टाने कमावलेले कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार एका निदानाने जात नाही. त्याच वेळी, ज्याला खरोखरच कळेनासे झाले आहे त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवणारे हातही आपल्याच समाजात आहेत. कायद्याला या दोघांकडेही पाहावे लागते. वार न सांगता येणाऱ्या आजींचा शब्द मोडता कामा नये, आणि छान इंग्रजी बोलणाऱ्या काकांची मुलगी त्यांच्या विस्मरणात हरवता कामा नये.

तुमच्या घरात कोणी वृद्ध असतील आणि हा विषय काढायला संकोच वाटत असेल, तर मृत्युपत्राचे नाव काढू नका. त्यांना विचारा, “हे सगळं तुम्ही कसं उभं केलंत?” ते बोलतील. जमीन कशी घेतली, कोणी मदत केली, कोणाला कधी काय दिले, कोणाची काळजी वाटते, सगळे त्यात येईल. ते ऐका, सगळ्या भावंडांनी मिळून ऐका. पुढे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा त्या कागदातला आवाज ओळखीचा आहे की नाही, हे तुम्हाला कोणत्याही वकिलाच्या आधी कळेल.